साताऱ्याला जाऊन आलो

पोरांना सांगितलं, साताऱ्याला जातो,
मालनवन्संकडं, दोन दिवस.
कोपरखैरण्याच्या खोलीत माणसं चार, भिंत एक,
आणि त्या भिंतीला टीव्ही.
लग्नाला दीड महिना झाला तरी
मयूरी मोरीतून येताना खाकरून येते.
ह्यांनीच एका रात्री, कूस न बदलता, म्हटलं,
आपण कुठंतरी गेलं पाहिजे.

कुठंतरी म्हणजे बेलापूर.
नऊशे रुपये, चोवीस तास, चहा वेगळा.
काउंटरवरच्या पोरानं आधार कार्ड उलटंपालटं केलं,
इथल्या पत्त्यावर रूम देत नाही, मावशी.
कार्डावर अजून पाटण तालुका.
पत्ता बदलायचा आळस असा कामी आला.
येण्याचं कारण, ह्या रकान्यावर
ह्यांनी जरा वेळ पेन धरलं
आणि लिहिलं: खाजगी.

खोली दोनशे चार.
खिडकीतून दुसऱ्या लॉजची खिडकी.
दोन पांढरे टॉवेल, अंगठ्याएवढा साबण,
तो मी लगेच पिशवीत टाकला.
दाराला आतून कडी.
ती मी लावली, काढली,
पुन्हा लावली.

नेरूळच्या बागेत जगातली आश्चर्यं बांधून ठेवलीत,
सगळी एका तिकिटात.
तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी घेतलेला माणूस
ताजमहालासमोर डोळे बारीक करून उभा.
किती गोणी सिमेंट गेलं असंल?
दोनशे? अडीचशे?
चार माणसं, एक सकाळ, ट्रक खाली.
म्हटलं, मी गेल्यावर काय बांधाल?
तर म्हणाले, आधीच बांधतो,
पोटमाळ्याच्या शिडीला कठडा.
पाय घसरतो तुझा.

उन्हं कलताना तळ्यावर गेलो. फ्लेमिंगो आलेले.
एवढी वर्षं ह्याच रस्त्यानं बस गेली
आणि आम्ही दर वेळी झोपलेलो.
दुर्बीण गळ्यात घातलेल्या एका बाईनं
न विचारता ती माझ्या हातात दिली.
गुलाबी रंग इतका जवळ आला की मी मान मागं घेतली.
एका पायावर उभ्यानं झोपतात, ती म्हणाली.
हे म्हणाले, मग आमच्या खोलीत वीसेक मावतील.

तेवढ्यात फोन. मयूरी.
पोचलात का आई? थंडी आहे का तिकडं?
आहे गं, खूप, मी म्हटलं,
आणि खरंच पदर कानावर ओढून घेतला.
पाठीमागून रिक्षावाला ओरडला,
सीवूड, सीवूड, एक सीट, सीवूड!
पलीकडं जरा शांतता.
बरं, ती म्हणाली, जपून.

रात्री काय केलं, तर
एसी बंद कसा करतात ते शोधलं.
मग बोललो.
मोठ्यानं.
घरी आम्ही कुजबुजतो, आधी सासूबाई होत्या,
मग पोर लहान होतं, मग पोराची परीक्षा,
आता सून.
ह्यांचा आवाज एवढा जाड आहे
हे मी विसरूनच गेले होते.
पाटणच्या एसटी स्टँडावर मला पहिल्यांदा बघितलं
तेव्हाची गोष्ट सांगून स्वतःच हसले,
इतके की शेजारच्या खोलीतून कुणी भिंत ठोकली.
आम्ही गप्प झालो, शाळेतल्यासारखे,
आणि पुन्हा फुटलो.

रविवारी दुपारी वाशीला उतरून
कंदी पेढे घेतले, अर्धा किलो.
साताऱ्याहून मोकळ्या हातानं कोण येतं?

घरी चादर बदललेली. दाराशी नवं पायपुसणं.
मयूरीनं खोका घेतला, उलटा केला.
खाली बारीक अक्षरात: सेक्टर सतरा, वाशी.
तिनं वाचलं.
मी तिला वाचताना बघितलं.

पेढे तिनं स्टीलच्या डब्यात काढले,
खोक्याच्या चार घड्या करून कचऱ्यात खाली दाबल्या.
एक पेढा देवापुढं, एक विश्वजीतच्या हातावर.
अर्धा स्वतः खाल्ला.
साताऱ्याची चवच वेगळी, म्हणाली.
मग ओट्याकडं वळून, गॅस पेटवत,
पुढच्या महिन्यात पण जाऊन या ना,
आत्यांना तेवढंच बरं वाटेल.